बिरडं सोलायला आलेली काउंटी

भावाने बहिणीला वकिलामार्फत पत्र पाठवलं, त्या दिवशी नंदाबाईंनी वाल भिजत घातले.

पत्र तसं नीनाच्या नावावर नव्हतं. ते हॅलोरन काउंटीच्या बोर्डाला होतं. पण पाच जणांच्या त्या बोर्डात नीना एक, आणि पत्र पाठवणाऱ्या काउंटी हॉस्पिटलच्या विश्वस्त मंडळाचा अध्यक्ष जय. रणदिव्यांच्या घराण्यात भावाबहिणींनी एकमेकांना वकिलाचं पत्र पाठवणं काही नवीन नव्हतं. नंदाबाईंच्या सासऱ्यांनी आणि त्यांच्या बहिणीने अलिबागला हेच केलं होतं. फक्त ते पत्र मराठीत होतं आणि त्यात शिव्या तरी समजत होत्या.

या पत्रात शिव्या नव्हत्या, कायदा होता. जयच्या मंडळाने बाळंतपणाचा वॉर्ड महिनाअखेर बंद करायचं ठरवलं. नीनाने काउंटीच्या बोर्डात ठराव मांडला की वॉर्ड चालू राहणार असेल तरच हॉस्पिटलचं पुढच्या वर्षीचं बजेट मंजूर होईल. त्यावर वकिलाने कळवलं की काउंटीला बजेटचा एकूण आकडा मंजूर करण्याचा किंवा फेटाळण्याचा अधिकार आहे. आतला कुठला वॉर्ड चालवायचा आणि कुठला नाही, यात लक्ष घालण्याचा नाही.

"म्हणजे ताटात किती वाढायचं ते काउंटी ठरवणार, आणि काय वाढायचं ते दादा," नीना फोनवर म्हणाली होती.

"तुझ्या सासरी नाही का असंच होतं?" नंदाबाई म्हणाल्या. "रविवारी तू आणि जय दोघं या. बिरडं करतेय. सोलायला माणसं लागतात."

तो वॉर्ड नंदाबाईंच्या यजमानांनी, डॉक्टर श्रीरंग रणदिव्यांनी सुरू केला होता. गावात तेव्हा मक्याची शेतं होती, दोन चर्च होती आणि एक भारतीय कुटुंब होतं. आता श्रीरंगना जाऊन बरीच वर्षं झाली. वॉर्डाच्या दारात त्यांचा फोटो होता, त्यात ते कोणावर तरी चिडल्यासारखे दिसत. पण फोटोसाठी कोणी भांडत नव्हतं. नीनाची लेक रुही आठव्या महिन्यात होती. तिची तारीख जानेवारीच्या शेवटाला होती, आणि वॉर्ड बंद झाला तर बाळंतपणासाठी पुढचं हॉस्पिटल तासाभरापेक्षा लांब. तेही रस्त्यावर बर्फ नसेल तर. इलिनॉयच्या त्या भागात जानेवारीत रस्त्यावर बर्फ नसला की लोक टीव्हीवाल्यांना फोन करून विचारतात, काय झालं म्हणून.

थंडीत वालाला मोड येत नाहीत. नंदाबाईंनी फडक्यात बांधलेली पुरचुंडी ओव्हनमध्ये, नुसता दिवा चालू ठेवून, दोन रात्री सांभाळली. "माझ्यापेक्षा जास्त काळजी घेतेस त्यांची," रुही म्हणाली.

"तुला मोड आलेत. त्यांना यायचे होते."

रविवारी सकाळी पुरचुंडी सोडून मोड आलेले वाल कोमट पाण्याच्या परातीत घालून डायनिंग टेबलावर ठेवले होते. सासूबाईंचा, गिरजाबाईंचा, एक नियम या घरात चालत असे: बिरडं सोलताना जो खोटं बोलेल, त्याचे वाल कडू होतात. वाल मुळातच कडवे, त्यामुळे हा नियम आजवर कधी खोटा ठरला नव्हता.

पहिला आला डेल. तो नंदाबाईंचा शेजारी, मक्याचा शेतकरी, आणि काउंटीच्या बोर्डावर नीनाच्या शेजारच्या खुर्चीत बसणारा. त्याची चारही मुलं श्रीरंगनी जगात आणलेली. नंदाबाईंनी त्याला मुद्दाम बोलावलं होतं. दोन माणसांचं भांडण मिटवायला तिसरं समंजस माणूस लागतं, आणि समंजस माणसं घरात शिल्लक नसली की शेजारून आणावी लागतात.

मग नीना आली. मग जयची गाडी थांबली आणि तिच्यातून जयबरोबर लोरेन उतरली. लोरेनसुद्धा काउंटीच्या बोर्डावर. एरवी तिचं गावात फुलांचं दुकान होतं आणि दात जयकडे होते. जय गावातला डेंटिस्ट.

"आई, लोरेनला कधीपासून तुझ्या हातचं खायचंय. म्हटलं, आजच चल."

"बरं केलंस," नंदाबाई म्हणाल्या. एवढा मोठा मुलगा न सांगता कोणाला जेवायला आणतो याचा त्यांना रागही आला आणि बरंही वाटलं. पन्नाशी ओलांडलेल्या मुलाबद्दल दोन्ही एकदम वाटू शकतं.

परातीभोवती सगळे बसले. नंदाबाईंनी एक वाल चिमटीत धरून दाबला. साल मागे राहिली, पांढरी डाळ पुढे सटकली. डेलने केलं तेव्हा डाळ उडून भिंतीवर गेली.

"याचा उपयोग काय?" डेलने विचारलं.

"भांडणं मिटतात," नीना इंग्रजीत म्हणाली. "आमच्या घरात हात मोकळे असले की धोका असतो."

"माझे हात वकिलाने बांधलेत," जय म्हणाला.

"तुझा वकील, दादा. पैसे हॉस्पिटलचे."

"म्हणजे काउंटीचे. म्हणजे तुझे. थँक्यू."

लोरेनला हसू आलं. डेल खाली बघत दुसरा वाल फोडत होता. फोडतच होता, सोलत नव्हता.

"वॉर्ड का बंद करायचाय ते यांना सांग ना," नीना म्हणाली. "तू मला सांगितलं नाहीस. मला पेपरात वाचावं लागलं."

"तुला सांगितलं होतं. थँक्सगिव्हिंगला. तू ॲपल पाय बनवत होतीस."

"मी पाय बनवत होते तेव्हा तू म्हणालास, 'वी आर लुकिंग ॲट इट.' बघतोय म्हणजे बंद करतोय?"

"डॉक्टर 'बघू या' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ काय असतो?"

"तू डेंटिस्ट आहेस, दादा."

रुही पाठीला उशी लावून टेबलाच्या टोकाला बसली होती. "जयमामा, वॉर्ड बंद झाला तर मी जाऊ कुठे? आय ॲम जस्ट आस्किंग."

जयने पुढचा वाल चिमटीत घेतला. त्याचे हात भरभर चालत होते. लहानपणापासून घरात सगळ्यांत चांगलं बिरडं तोच सोलायचा.

डेलला मात्र गहिवरून आलं. त्याने हात पुसले आणि सांगितलं की त्याची धाकटी ज्या रात्री झाली त्या रात्री रस्ता बंद होता, डॉक्टर रणदिवे ट्रॅक्टरवर बसून आले होते. हा ट्रॅक्टर दर वेळी गोष्टीत मोठा होत असे. नंदाबाईंच्या आठवणीप्रमाणे ती शेजाऱ्याची जीप होती. पण त्यांनी दुरुस्ती केली नाही. वाल कडू झाले तर डेलचे होणार होते.

"अट घालता येत नसेल तर नको घालू या," डेल म्हणाला. "एकूण आकडा फेटाळायचा अधिकार तर आहे ना? फेटाळू. वॉर्ड परत घालून आणा म्हणावं."

"मी तुमच्याबरोबर आहे," लोरेन म्हणाली. "फुलं कोणाला विकू मी, नवीन बाळं आलीच नाहीत तर?"

नीनाने दोघांकडे पाहिलं. पाचांतले तीन. "मग मंगळवारी झालंच की," ती म्हणाली. "दादा, सॉरी. तीन मतं."

"बघू या," जय म्हणाला.

जयला लहानपणापासून या टेबलाची खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा जास्त माहीत होती. त्याच्या वडिलांनी वॉर्ड मिळवला तो इथे. शनिवारी रात्री तेव्हाच्या बोर्डातले तिघं खिमा पॅटिस खायला आले होते, आणि टेबलाखाली गाड्या खेळणाऱ्या मुलाने वरून ऐकलं होतं: सोमवारी फक्त हात वर करायचे. सोमवारी हात वर झाले. गावाला वाटलं, सभेत चर्चा झाली. पुढे सार्वजनिक सभांचा कायदा वाचायची वेळ आली तेव्हा जयला कळलं की बाबांचं पॅटिस बेकायदेशीर होतं.

वॉर्ड बंद करायला त्याच्याकडे कारण होतं आणि ते चांगलं होतं. नर्सेस मिळत नव्हत्या. आठवड्याला एखादं बाळंतपण करणाऱ्या हातांना अवघड बाळंतपणाची सवय उरत नाही. जिथे सराव नाही तिथे रुहीने जावं असं त्याला खरंच वाटत नव्हतं. पण हे बोललं की लोक ट्रॅक्टरची गोष्ट सांगत. म्हणून त्याने बोलणं सोडलं आणि लोरेनला गाडीत घातलं.

मागच्या दारातून धम्मदीप आत आला, हातात कोथिंबीर आणि नारळ. रुहीचा नवरा. मूळ नागपूरचा, ॲन आर्बरला शिकलेला, आता इथल्या कम्युनिटी कॉलेजात स्थानिक सरकारांचा कायदा शिकवायचा. लग्न ठरलं तेव्हा नंदाबाईंच्या पार्सिपनीच्या नणंदेने फोनवर विचारलं होतं, "आपल्यातला आहे का गं?" नंदाबाई म्हणाल्या होत्या, "नाही, बरा आहे."

धम्मदीप दारातच थांबला. डेल, लोरेन, सासूबाई. त्याने पुन्हा एकदा त्याच तिघांकडे पाहिलं.

"नीनाकाकू, कशावर बोलत होता तुम्ही?" लग्नाआधी तो काकू म्हणायचा आणि लग्नानंतर कोणी बदलायला सांगितलं नव्हतं.

"बजेटवर. ठरलं सगळं. वॉर्ड वाचला! वी हॅव द व्होट्स."

धम्मदीपने नारळ ओट्यावर ठेवला. "तीन जण आहात. पाचांचं बोर्ड. तीन म्हणजे कोरम. कोरम एकत्र बसून काउंटीच्या कामावर बोलला की ती सभा होते. सभेची आधी नोटीस लावावी लागते, दार सगळ्यांना उघडं ठेवावं लागतं. ही बेकायदेशीर सभा आहे."

"हे जेवण आहे," नंदाबाई म्हणाल्या.

"आजी, जेवणात बजेट आलं की सभा."

"आमच्याकडे जेवणातच सगळं येतं."

"हो. म्हणून संविधान लिहावं लागलं."

रुही फिसकन हसली आणि पोट धरून गप्प झाली. नीनाचा चेहरा उतरला. तिने निवडणूक लढवली होती तीच 'काउंटीचा कारभार उघड्यावर' या पाटीवर. पाटी अजून गराजमध्ये होती.

"मंगळवारी तुम्ही तिघांनी बजेट फेटाळलंत," धम्मदीप हळू आवाजात म्हणाला, "तर कोणीही कोर्टात जाऊन म्हणू शकतो की हे आधीच बंद दाराआड ठरलं होतं. तो ठराव उडेल. वॉर्ड तेवढ्यात बंद झालेला असेल."

"पण मी तर डेललाच बोलावलं होतं," नंदाबाई म्हणाल्या. "डेल आणि नीना. दोनच."

मग त्या थांबल्या. परातीत एकच हात अजून चालू होता. चिमटीत वाल, साल मागे, डाळ पुढे.

"जय," त्या म्हणाल्या, आणि आता मराठीतच बोलल्या. "लोरेनला माझ्या हातचं कधीपासून खायचं होतं रे?"

"आई..."

"नाही, सांग. बिरडं सोलतोयस, खरं सांग."

"दादा, तू मुद्दाम आणलंस तिला?" नीनाची खुर्ची मागे सरकली. "आम्ही बोलावं म्हणून? मी इतकी मूर्ख वाटले तुला?"

"तू बोललीस ना पण."

"काय म्हणतायत?" डेलने रुहीला इंग्रजीत विचारलं.

"रेसिपी," रुही म्हणाली. "मीठ किती, यावर वाद आहे."

"मी कायद्याबाहेर काही केलेलं नाही," जय म्हणाला. "पाहुणा आणणं गुन्हा नाही. आणि हे मी कोणाकडून शिकलो, आई? बाबांनी याच टेबलावर तिघं बसवले होते. तू पॅटिस तळत होतीस."

नंदाबाईंनी हातातला वाल सोलून टाकला. पॅटिस त्यांनीच तळले होते. चांगले झाले होते, एक माणूस तर घरी घेऊन गेला होता. बापाने तिघं जमवून वॉर्ड आणला, मुलाने तिघं जमवून तो बुडवायला काढला. वारसा चालवणं म्हणतात ते हेच असावं.

"तुझे बाबा," त्या शेवटी म्हणाल्या, "विश्वस्त झाले तेव्हा त्यांना नेमलं कोणी होतं, आठवतं?"

धम्मदीपने मान वर केली. मग त्याने पटकन हात करून त्यांना थांबवलं. "आजी, आता इथे एक शब्द नको. मंगळवारी. सगळ्यांसमोर."

"मी कुठे काय बोलतेय? मी आठवण काढतेय. विधवांना तेवढं चालतं ना तुमच्या कायद्यात?"

बिरडं झालं. सगळे जेवले, फक्त हवेबद्दल बोलले. लोरेनने दोनदा घेतलं. जय म्हणाला, कडू झालंय जरा.

मंगळवारी संध्याकाळी काउंटीच्या सभागृहात नेहमी असतात त्यापेक्षा जास्त खुर्च्या भरल्या होत्या. नीना सुरुवातीलाच उभी राहिली. रविवारी आईच्या घरी आम्ही तिघं बजेटवर बोललो, तिने सांगितलं. बोलायला नको होतं. जे बोललो ते आज इथे पुन्हा, सगळ्यांसमोर बोलणार आहोत. आणि माझ्या भावाचा किंवा आईचा विषय निघाला तर मी बाहेर जाऊन बसेन.

"आईचा विषय कशाला निघेल?" बोर्डाचा अध्यक्ष वॉरेन म्हणाला. मोठा तापट माणूस. जयच्या वकिलाचं पत्र आल्यापासून तो गावात भेटेल त्याला सांगत होता की मला माझ्याच काउंटीत अधिकार नाही म्हणतात. पाचवा सभासद दर हिवाळ्याप्रमाणे फ्लोरिडात होता.

काउंटीच्या स्वतःच्या वकिलाने उभं राहून सांगितलं की पत्र बरोबर आहे. आकडा तुमचा, वॉर्ड त्यांचा. आकडा फेटाळला तर वॉर्ड वाचणार नाही. सगळ्या हॉस्पिटलचे पगार अडतील. मग उघड्यावर चर्चा झाली, ट्रॅक्टर पुन्हा आला, आणि बजेट मंजूर झालं. नीनानेही हात वर केला. पहिल्या रांगेत जयने डोळे मिटून श्वास सोडला.

मग लोकांच्या बोलण्याची वेळ झाली. नंदाबाई काठी टेकत माईकपर्यंत गेल्या. रेशमी साडीवर त्यांनी बर्फाचे बूट घातले होते.

"मी या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पस्तीस वर्षं रक्त तपासलं," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "इथल्या बऱ्याच जणांचं मला आतून माहीत आहे. मला एकच विचारायचं आहे. वॉर्ड कुठला चालवायचा ते विश्वस्त ठरवणार. ठीक. मग विश्वस्त कोण ठरवतं?"

वॉरेनने समोरच्या कार्यक्रमपत्रिकेकडे पाहिलं. शेवटच्या ओळीत दरवर्षीचं काम होतं: मुदत संपणाऱ्या विश्वस्ताची नेमणूक. दरवर्षी ती ओळ वाचून होण्याआधी लोक कोट घालत.

"आम्ही," वॉरेन म्हणाला. आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर असं हसू आलं, जसं हरवलेली किल्ली खिशातच सापडल्यावर येतं. "विश्वस्त आम्ही नेमतो."

"मुदत डॉक्टर रणदिव्यांची संपतेय," क्लार्क म्हणाली. "धाकट्या. आणि सोमवारी एक अर्ज आलाय. मिसेस रणदिव्यांचा."

नीना उठली आणि बाहेर गेली.

कॉरिडॉरमध्ये चिप्सच्या मशिनशेजारी एक बाक होता. दारातून आवाज येत होता, शब्द नाही. नीनाला लहानपण आठवलं: आईबाबांच्या खोलीचं दार बंद असायचं, ती आणि दादा बाहेर बसून अंदाज करायची, आज कोणाचं काय ठरतंय.

दार उघडलं आणि जय बाहेर आला. तो येऊन तिच्या शेजारी बसला.

"काय झालं?"

"आई ट्रस्टी झाली."

"कोणाच्या जागी?"

"गेस."

"मतं कोणाची?"

"डेल. लोरेन. आणि वॉरेन. माझ्या वकिलाने त्याला अधिकार नाही म्हटलं होतं ना. हा आहे म्हटल्यावर दोन्ही हात वर केले त्याने." जयने मशिनकडे पाहिलं. "आमच्या मंडळात चार विरुद्ध तीन होतं. आता तीन विरुद्ध चार. वॉर्ड राहणार. कॉन्ग्रॅच्युलेशन्स."

नीनाला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण तिने पर्समधून नाणी काढली आणि दादाच्या आवडीच्या, लहानपणी दोघं अर्ध्या अर्ध्या खायची त्या चिप्स काढून त्याच्या मांडीवर ठेवल्या.

"लोरेनला परत आणशील का जेवायला?" तिने विचारलं.

"गप गं," जय म्हणाला आणि पुडा फोडला.

पार्किंगमध्ये भुरभुर बर्फ पडत होता. नंदाबाईंना धम्मदीप गाडीपर्यंत आणत होता. जय समोर आला तसा तो काच साफ करायचं निमित्त काढून बाजूला झाला.

"तू मला काढलंस, आई."

"मी कोण काढणारी? तो काउंटीचा अधिकार आहे. तूच नाही का पत्र पाठवून सगळ्यांना समजावलंस?"

जयने हात खिशात घातले. त्याच्या टोपीवर बर्फ साचत होता आणि तो झटकावा असं नंदाबाईंच्या हाताला वाटत होतं. त्यांनी हात काठीवरच ठेवला.

"त्या नर्सेस खरंच मिळत नाहीत, आई. मी खोटं नव्हतो बोलत. वॉर्ड उघडा ठेवलास, आणि रुहीच्या वेळी काही अवघड झालं तर? तिथे कोण असेल?"

नंदाबाईंनी हॉस्पिटलच्या दिशेने पाहिलं. इथून नुसता छपरावरचा लाल दिवा दिसत होता. श्रीरंग असते तर म्हणाले असते, मी असेन. ते नव्हते, आणि हे नंदाबाईंना या क्षणापर्यंत कोणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

"बिरडं उरलंय," त्या म्हणाल्या. "डब्यात काढून ठेवलंय. गूळ घातलाय जास्त. उद्या संध्याकाळी ये, आणि नर्सेस कुठून आणायच्या ते मला नीट समजावून सांग. पहिल्या सभेत मला सगळे तेच विचारणार."

"येतो."

धम्मदीपने गाडीचं दार उघडलं. नंदाबाई आधी काठी, मग बूट, मग साडी अशा आत बसल्या आणि त्यांनी काच खाली केली.

"आणि जय," त्या म्हणाल्या, "एकटा ये."